शिलाई मशीनचा स्टँड आपल्या कोपराच्या उंचीला कसा आणायचा

नवीन मुलगी मशीनवर बसली की मी आधी तिचे खांदे बघते. खांदे कानांकडे चढले असतील तर टेबल तिला उंच पडतंय. पाठीला पोक आलंय आणि नाक सुईशी गेलंय, तर टेबल बुटकं आहे किंवा उजेड कमी आहे. टाका वाकडा येतो, गळ्याची गोलाई बिघडते, तासाभरात मानेला कळ लागते. या सगळ्याचं खापर ती स्वतःच्या हातावर फोडते आणि दोष पुष्कळदा स्टँडच्या उंचीत असतो.

माझ्या क्लासला दुपारच्या बॅचमध्ये चार फूट दहा इंचांची एक मुलगी येते. संध्याकाळी त्याच मशीनवर पाच फूट सात इंचांच्या एक ताई बसतात. रविवारी माझा दीर पडद्यांचं काम घेऊन येतो, तो सहा फुटांचा. स्टँड मात्र एकच, बिडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा, ३० इंच उंच. तिघांना एकाच उंचीवर बसवलं तर कुणाचं तरी अंग दुखणारच. म्हणून हा स्टँड वर-खाली करता यावा यासाठी मी बरंच काही करून बघितलं. त्यातलं जे टिकलं ते इथे सांगते. सुतारकाम किंवा वेल्डिंग तुम्हाला येत नसेल तरी चालेल. काय करून घ्यायचं हे नेमकं सांगता आलं की काम होतं.

पाना हातात घेण्याआधी टेप घ्या

रोज ज्या खुर्चीवर बसून शिवता त्याच खुर्चीवर मागे टेकून बसा. घरात चप्पल घालून शिवत असाल तर चप्पल घालूनच. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकवा. दंड अंगालगत सैल सोडा आणि कोपर काटकोनात दुमडा. आता दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून तुमच्या कोपराच्या खालच्या टोकापर्यंत टेप धरायला सांगा. हे माप एकटीने घेऊ नका. टेपकडे बघायला वाकलात की खांदा झुकतो आणि माप अर्धा-पाऊण इंचाने चुकतं.

जो आकडा येईल त्यात दोन इंच मिळवा. मशीनचा पाटा, म्हणजे ज्या सपाट भागावरून कापड सरकतं तो भाग, साधारण त्या उंचीवर हवा. बारीक काम करणाऱ्यांना, म्हणजे पायपिन, लेस, मण्यांची पट्टी लावणाऱ्यांना, आणखी एक-दोन इंच उंच बरं पडतं, कारण डोळे सुईच्या जवळ येतात आणि मान कमी वाकते. गोधडी, पडदे, सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्यांनी मात्र कोपराच्या बरोबरीला ठेवावं. तिथे कापडाचं वजन हातांनी ढकलायचं असतं आणि उंच टेबलावर ते ढकलताना खांदे भरून येतात.

उंची पाट्याची मोजायची, टेबलाची नाही. फळीत बसवलेल्या मशीनचा पाटा आणि फळी एका पातळीत असतात, तिथे फरक पडत नाही. पण लाकडी बैठकीवरचं हातमशीन किंवा हल्लीचं प्लॅस्टिकच्या अंगाचं छोटं मशीन जेवणाच्या टेबलावर ठेवून शिवत असाल, तर पाटा टेबलाच्या वर आणखी अडीच-तीन इंच जातो. ३० इंचांचं टेबल एकदम ३३ इंचांचं होतं. अशा टेबलावर शिवणाऱ्या बायकांचे खांदे सगळ्यात जास्त दुखतात, आणि मशीन बदलल्यावर दुखायला लागलं असं त्या सांगतात.

आता आमचे आकडे. मुलीचं कोपर २४ इंचांवर, म्हणजे तिला पाटा २६ वर हवा. ताईंचं २७, त्यांना २९. दिराचं २९, म्हणजे पडदे शिवताना त्याला २९ आणि एरवी ३१. बाजारातला ३० इंचांचा स्टँड ताईंना आणि दिराला जवळपास बसतो, मुलीला तो चार इंच उंच पडतो. स्टँडची उंची बदलायची म्हटलं की सगळे वाढवायचाच विचार करतात. आपल्याकडच्या बहुतेक बायकांना मात्र ती कमी व्हायला हवी असते. म्हणून काहीही तोडण्या-जोडण्याआधी आपला आकडा कागदावर लिहा. आपण कुठल्या बाजूला आहोत ते आधी कळू दे.

दुसरं माप गुडघ्याचं. पाय पॅडलवर ठेवून बसा आणि मांडी व टेबलाच्या खालच्या बाजूत किती जागा उरते ते बघा. दोन बोटं आडवी जातील एवढी तरी जागा हवी. मधला खण असेल तर बहुतेकांचा गुडघा तिथेच आपटतो. दिराची तक्रार उंचीची नव्हतीच, या खणाची होती. आम्ही तो खण काढून बाजूला ठेवला आणि त्याचं अर्धं काम तिथेच झालं.

खुर्ची आणि पाट

उंची जास्त असेल तर पहिला इलाज फुकटचा आहे. खुर्चीवर बसणाऱ्याला वर आणा आणि पायाखाली आधार द्या. खुर्चीवर स्पंजची उशी ठेवू नका, ती बसल्यावर दबते आणि अर्ध्या तासात तुम्ही परत खाली जाता. घट्ट घडी केलेली जुनी गोधडी चांगली. त्याहून चांगली म्हणजे खुर्चीच्या बैठकीच्या मापाची फळी आणि तिच्यावर पातळ सतरंजी. मुलीसाठी आम्ही तीन इंच चढवले, तेव्हा तिचं कोपर २७ वर आलं. मग ३० इंचांचा पाटा कोपराच्या तीनच इंच वर उरला. खांदे लगेच उतरले.

आता पाय. पायमशीनचं पॅडल जमिनीपासून दोन-तीन इंच वर असतंच, त्यामुळे वर बसलेल्या बुटक्या व्यक्तीचे पाय आपोआप टेकतात. मोटरच्या मशीनचं पॅडल जमिनीवर असतं, तिथे पाय लोंबतात आणि मांडीला खालून खुर्चीची कड रुतते. त्यासाठी पॅडलखाली जेवायला बसायचा लाकडी पाट ठेवा, पाटावर रबराची चटई चिकटवा आणि चटईवर पॅडल ठेवा. पाटाच्या पुढच्या कडेला अर्ध्या इंचाची पट्टी ठोकलीत तर पॅडल पुढे सरकत नाही. डाव्या पायालाही त्याच पाटावर जागा हवी. एक पाय वर आणि एक खाली ठेवून तासभर बसलात की कंबर एका बाजूला कलते.

स्टँडला चाकं असतील तर ती काढून इंच-दीड इंच उंची कमी करता येते. पण आधी पॅडल पूर्ण खाली दाबून बघा, त्याची कड आणि फरशी यांत किती जागा उरते ते. चाकं काढल्यावर पॅडल फरशीला घासणार असेल तर चाकं राहू द्या.

पुष्कळांचं काम इथपर्यंतच भागतं. एकाच व्यक्तीचं मशीन असेल तर पुढचा खर्च करण्याआधी हे आठ दिवस वापरून बघा, असंच मी सांगेन.

पायमशीन उचलायचं असेल तर

ज्यांना उंची खरोखर वाढवायची आहे ते बहुतेक पहिल्यांदा चार पायांखाली विटा ठेवतात. विटा नकोतच. पाय मारताना स्टँड हादरतो, वीट कडेला झिजते आणि एक दिवस पाय घसरतो. त्याऐवजी सुताराकडून सागाचे किंवा बाभळीचे चार ठोकळे करून घ्या, चार इंच बाय चार इंच, आणि प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पाऊण इंच खोल खळगा. स्टँडचा पाय त्या खळग्यात बसला पाहिजे.

पण ठोकळ्यांनी नेमकं काय होतं ते समजून घ्या. पायमशीनमध्ये पॅडल स्टँडलाच जोडलेलं असतं. स्टँड दोन इंच उचलला की फळी दोन इंच वर जाते आणि पॅडलही दोन इंच वर जातं. खुर्ची तीच ठेवली तर पाटा कोपराच्या हिशेबाने वर आला, हे खरं. पण पाय वर गेला, त्याच्याबरोबर गुडघाही वर गेला, आणि जो गुडघा खणाला आपटत होता तो आपटतच राहिला. मान वाकते एवढीच तक्रार असेल तर ठोकळे पुरतात, तेही दोन इंचांपर्यंतच. गुडघ्याला जागा हवी असेल तर पॅडल तिथेच ठेवून फक्त फळी वर न्यायला हवी.

ते काम असं होतं. मशीनचं डोकं आधी उतरवून घ्या. फळीच्या मागच्या बाजूला दोन बिजागऱ्या असतात, डोकं मागे कलवलं की त्यांचे दोन स्क्रू खालून दिसतात. ते सैल केले की डोकं वर उचलून निघतं. बिडाचं डोकं दहा-बारा किलोंचं असतं, दोन हातांनी धरा आणि जमिनीवर जाड कापडावर ठेवा. मग फळी बिडाच्या दोन बाजूंना जिथे स्क्रूने बसवली आहे ते स्क्रू काढा. गंजले असतील तर थेंबभर मशीनचं तेल टाकून रात्रभर ठेवा. हातोडीने ठोकू नका. बीड कडक असतं पण ठिसूळ असतं, ठोक्याने स्क्रू बसतो तो कान तुटतो. तो कान परत जोडणंही अवघड, कारण साध्या रॉडने बिडाला वेल्डिंग धरत नाही, थंड होताना जोडाशेजारीच तडा जातो. याच कारणासाठी बिडाच्या पायांना पाइप वेल्ड करून लांब करून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा.

आता दोन सागवानी पट्ट्या घ्या, लांबी बिडाच्या वरच्या कडेएवढी, रुंदी दोन इंच, जाडी जितकी उंची वाढवायची तितकी. बिडाच्या जुन्या भोकांवर पट्टी धरून खालून पेन्सिलने खुणा करा आणि पट्टीला आरपार भोकं पाडा. जुने स्क्रू आता पुरणार नाहीत. फळीच्या वरून खाली आरपार जाणारे बोल्ट लावा, ज्यांचं डोकं गोल आणि चपटं असतं, म्हणजे कापड अडकत नाही. डोकं फळीत बसेल एवढा खळगा करून घ्या. खाली वायसर आणि नट. दिराच्या घरच्या पायमशीनला दीड इंचाच्या पट्ट्या लावल्या आहेत. पायमशीनला मी दोन इंचांपलीकडे जाणार नाही, वर फळी डुलायला लागते.

पट्टा

फळी वर गेली की चामड्याचा पट्टा आखूड पडतो. मोठ्या चाकावरून वर मशीनच्या चाकाकडे पट्ट्याच्या दोन बाजू जातात, म्हणून फळी एक इंच वर गेली तर पट्टा दोन इंच जास्त लागतो. दीड इंचाला तीन इंच. जुन्या पट्ट्याला तुकडा जोडून घ्यायचा मोह होतो. पण मग दोन सांधे होतात, आणि प्रत्येक फेऱ्याला दोन्ही सांधे चाकावरून टक-टक करत जातात. नवा पट्टाच घ्या. पट्टा साधारण सहा फुटांचा मिळतो, दुकानदाराला थोडा लांब द्या म्हणावं.

पट्टा घालताना तो आधी फळीच्या दोन भोकांतून आणि खाली मोठ्या चाकाच्या खाचेतून फिरवून घ्या, वर मशीनच्या चाकावर बसवा आणि दोन्ही टोकं हाताने ओढून धरा. टोकं एकमेकांवर चढतात तिथे नखाने खूण करा. खुणेच्या पाव इंच आत कापा, कारण नवं चामडं आठवड्याभरात ताणलं जातं. दोन्ही टोकांपासून पाव इंच सोडून दाभणाने सरळ आरपार भोक पाडा. दाभण तिरकं गेलं तर टोक एका बाजूने फाटतं. भोकातून तारेच्या क्लिपचं एक टोक घाला, पक्कडीने हलकं दाबा, मग दुसरं टोक. क्लिपचा उघडा भाग बाहेरच्या बाजूला ठेवा, चाकाच्या खाचेला लागू देऊ नका.

ताण बघायला पट्ट्याच्या मधोमध बोटाने दाबा. अर्धा इंच आत गेला तर ठीक. त्याहून ताठ असेल तर पाय जड होतो आणि संध्याकाळी पोटऱ्या दुखतात, सैल असेल तर जाड शिवणीवर चाक फिरतं पण सुई थांबते. पट्ट्याला तेल लागू देऊ नका.

मोटर असेल तर वाट मोकळी

घरगुती मशीनला मागे बसवलेली छोटी मोटर असेल तर चामड्याचा पट्टा काढूनच टाकता. मोटर डोक्याला चिकटलेली असते, ती डोक्याबरोबर वर-खाली होते. पॅडल वायरने जोडलेलं, जमिनीवर. म्हणजे स्टँड कितीही वर-खाली केला तरी पाय जिथल्या तिथे. उंची कमी-जास्त करायची खरी मुभा इथेच मिळते, आणि क्लासमधला हा स्टँड मी त्यामुळेच मोटरवर घेतला.

एक गोष्ट मात्र करावी लागते. जुन्या बिडाच्या स्टँडचं लोखंडी पॅडल तसंच असतं आणि बायका मोटरचं पॅडल त्याच्यावर ठेवतात. ते हलतं, घसरतं, आणि पाय उगाच वर राहतो. लोखंडी पॅडल आणि त्याला मोठ्या चाकाशी जोडणारा दांडा दोन्ही काढून ठेवा. वायर वर-खाली होण्याइतकी सैल आहे ना, ती पायात किंवा पाइपच्या सांध्यात येत नाही ना, हेही बघा. प्लग तीन पिनांचा आणि अर्थिंग असलेल्या बोर्डातच लावायचा. स्टँड बिडाचा असो की लोखंडी पाइपचा, धातूचाच असतो, म्हणून हे जास्तच महत्त्वाचं.

सरकत्या पायांचा स्टँड

जिथे एका मशीनवर दोघी-तिघी बसतात तिथे खरा उपाय हाच. गेट आणि ग्रिल करणारा कुठलाही वेल्डर हा दिवसाभरात करून देतो. त्याला माप देताना मी काय सांगते ते लिहिते.

बाहेरचे चार पाय दीड इंची चौकोनी पाइपचे, दोन मिलिमीटर जाडीचे, प्रत्येकी २० इंच लांब. आतले चार पाय सव्वा इंची चौकोनी पाइपचे, प्रत्येकी १८ इंच. दीड इंची पाइपच्या आत सव्वा इंची पाइप जातो आणि दोन मिलिमीटर मोकळा राहतो. त्याहून पातळ पत्र्याचा पाइप घेतलात तर आत जास्त जागा राहते आणि टेबल डुलतं. आतले पाइप वर एक इंची अँगलच्या चौकटीला वेल्ड होतात, फळी त्या चौकटीवर बसते. बाहेरच्या पाइपांना खाली समोरून मागे जाणारा आडवा पाइप, एकेका बाजूला एक, २२ इंच लांब, म्हणजे टेबल पुढे-मागे कलंडणार नाही. त्यांच्या टोकांना रबरी बूट. दोन्ही बाजूंना बाहेरच्या पुढच्या आणि मागच्या पायांना वरच्या टोकाजवळ एक आडवी पट्टी. मागच्या दोन पायांना जोडणारी एक आडवी आणि एक तिरकी पट्टी. समोरून काहीही आडवं येऊ देऊ नका, तिथे गुडघे असतात. वेल्डरला सवयीने समोरही पट्टी मारायची असते, म्हणून हे दोनदा सांगा.

या मापांनी फळी सगळ्यात खाली साधारण २४ आणि सगळ्यात वर ३१ इंचांवर येते. सगळ्यात वर असतानाही आतला पाइप ११ इंच आत राहतो. सहा इंचांहून कमी आत राहील असं माप कधीच करू नका.

भोकांचं काम नीट ऐका, कारण आमचा पहिला स्टँड याच ठिकाणी फसला. आतल्या पाइपला चौकटीपासून दीड इंच सोडून पहिलं भोक आणि पुढे एकेक इंचावर, अशी आठ भोकं. बाहेरच्या पाइपला वरून दीड इंचावर एकच भोक. आठ मिलिमीटरच्या बोल्टला नऊ मिलिमीटरचं भोक. आमच्या वेल्डरने एकेक पाय वेगळा धरून भोकं पाडली. दिसायला सगळं छान होतं. बोल्ट घालायला गेलो तर तीन पायांत गेला, चौथ्यात जाईना. ठोकून घातला तेव्हा फळी एका कोपऱ्यात दोन मिलिमीटर वर राहिली. मोटर सुरू केली की टेबल थरथरायचं आणि त्या थरथरीने सरळ पट्टीसुद्धा नागमोडी यायची. पूर्ण सुटा करून परत करावा लागला. आतले चारही पाइप शेजारी शेजारी ठेवून, टोकं गुण्यात म्हणजे काटकोनी पट्टीला लावून जुळवून, शिकंजात घट्ट आवळायचे, चारही पाइपांवर एकच आडवी रेघ ओढायची आणि मगच भोकं पाडायची. चौकटीला वेल्डिंग त्यानंतर.

भोकांच्या कडांवर लोखंडाची कूस राहते, ती कानसीने काढायला लावा, नाहीतर पाइप सरकताना अडतो आणि बोटही कापतं.

बोल्ट घातला तरी दोन पाइपांमधला मोकळेपणा राहतोच. त्यासाठी प्रत्येक बाहेरच्या पाइपला, भोकाच्या चार इंच खाली आणि शेजारच्या अंगाला, एक भोक पाडून त्यावर नट वेल्ड करून घ्या. त्या नटात बोल्ट आवळला की तो आतल्या पाइपला एका भिंतीशी दाबून धरतो आणि खडखड थांबते. वजन आरपारच्या बोल्टवर असतं, हा नुसता आवळण्यासाठी. चारही बोल्ट सहज हाती लागतील असे बाहेरच्या बाजूला असू द्या.

रंगाआधी रेड ऑक्साइडचा हात द्यायला सांगा. आतल्या पाइपवर मात्र जाड रंग नको, सरकताना तो सोलून निघतो. वेल्डर तिथे ग्रीस लावतो, ते पुसून काढा. नऊवारीचा पांढरा शेला किंवा कुणाचं लग्नातलं ब्लाऊजपीस त्या पाइपला घासलं तर डाग निघत नाही. देवघरातली मेणबत्ती घ्या आणि पाइपवर घासा. त्याने पाइप छान सरकतो आणि डागही पडत नाही.

फळी जुनीच वापरा. तिच्यात डोक्याच्या मापाचं कापलेलं भोक आणि बिजागऱ्यांच्या जागा तयार असतात. नवीन प्लायवूडमध्ये ते भोक कापून घेणं हे स्टँडपेक्षा अवघड काम आहे. मशीनच्या पोटाखाली शटल आणि दांडे दोन-तीन इंच लोंबतात, तेव्हा सगळ्यात खालच्या उंचीवर मांडीला जागा उरते का तेही एकदा बसून बघा.

उंची बदलताना दोघी हव्यात. वायर काढा, डोकं उतरवा. आवळलेले चारही बोल्ट सैल करा. मग एका बाजूचे दोन पाय एक भोक वर, बोल्ट घाला, दुसऱ्या बाजूचे एक भोक वर, बोल्ट घाला. एका बाजूला एका वेळी एकच भोक. घाई करून एक बाजू तीन इंच उचलली तर पाइप तिरके होऊन अडकतात आणि मग ठोकाठोकी सुरू होते. शेवटी बोल्ट आवळा आणि फळीवर भरलेली पाण्याची वाटी ठेवून पातळी बघा. नटांना स्प्रिंग वायसर हवेतच, मोटरच्या थरथरीने साधे नट महिन्याभरात सैल होतात. आमच्याकडे दर पहिल्या तारखेला पाना फिरतो.

कारखान्याचं मशीन घेतलं असेल तर

जुकी, जॅक यांसारख्या कंपन्यांच्या मशीनांबरोबर येणाऱ्या स्टँडचे पाय बहुतेक आधीपासूनच सरकते असतात, बोल्ट सैल केले की उंची बदलते. पण दुकानातून बसवायला आलेला माणूस त्याच्या सवयीच्या उंचीवर आवळून जातो आणि पुढे कुणी हात लावत नाही. त्याला माप सांगा, तिथेच बसून बघा. नुसतं डोकं तीस किलोंच्या घरात जातं आणि वर टेबल आणि मोटर, त्यामुळे एकट्याने सैल करू नका. मोटर टेबलाखाली लटकलेली असेल, तर मोटर आणि डोकं यांच्यामधला पट्टा तसाच राहतो. पॅडलला मोटरशी जोडणारी उभी कांब मात्र लांब-आखूड करावी लागते, तिच्या मधल्या सांध्याचा स्क्रू सैल केला की ती सरकते. गुडघ्याने दाब, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, उचलायचा पंखा (टेबलाखालची पट्टी) असेल तर तोही आपल्या गुडघ्याशी जुळवून घ्या.

बसून बघा

उंची बसवली की लगेच खूश होऊ नका. अस्तराच्या कापडावर वीस मिनिटं सलग सरळ पट्ट्या मारा आणि मग थांबून स्वतःला तपासा. खांदे चढलेत का, मनगट टेबलाच्या कडेवर दाबून बसलंय का, कंबर खुर्चीच्या पाठीला टेकलेली आहे का. मनगट दुखत असेल तर टेबल एक इंच खाली घ्या. खांदे ठीक आहेत पण मान वाकते असं असेल तर एक इंच वर, आणि सुईवर डावीकडून पडणारा दिवा लावून बघा. पुष्कळदा माणूस उंचीमुळे नाही, उजेडासाठी वाकतो. तरीही मान वाकत असेल तर मोटरच्या मशीनला फळीची मागची कड अर्धा-पाऊण इंच उचलणाऱ्या दोन लाकडी पाचरी चौकट आणि फळीच्या मध्ये स्क्रूने बसवता येतात. त्याने पाटा आपल्याकडे किंचित कलतो आणि सुई समोर दिसते. पाचरी नुसत्या सरकवून ठेवू नका, थरथरीने निसटतात.

आमच्या स्टँडच्या पुढच्या डाव्या पायावर आता नेलपॉलिशच्या तीन खुणा आहेत. तिसऱ्या भोकापाशी लाल ठिपका मुलीचा, सहाव्याजवळ गुलाबी ताईंचा आणि शेवटच्या, आठव्या भोकाखाली दिराचा, त्याला फक्त पारदर्शक उरली होती. दुपारची बॅच सुटली की मुलगी स्वतःच पाना काढते आणि मला हाताशी घेऊन ताईंसाठी तीन भोकं वर चढवून जाते.